प्रागला गाडीने, पण पोरांच्या घड्याळाने

प्रश्न थोडक्यात असा. म्युनिकला राहणारं जोडपं, मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, सोबत पुण्याहून आलेल्या सासूबाई. फिंग्स्टनच्या, म्हणजे मे-जूनमधल्या ख्रिस्ती सणाच्या, सुट्टीत चार रात्री प्रागला जायचंय. गाडी न्यावी की ट्रेन, राहावं कुठे, आणि मुख्य म्हणजे "ताई, एवढ्या लहान पोरांना घेऊन तिथे काही बघून होतं का, की नुसती ओढाताण?"

बघून होतं. आधी माझी ओळख सांगते, म्हणजे सल्ला कितपत मनावर घ्यायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी न्युरेंबर्गला राहते. 2016 पासून प्रागला गाडीने बारा-तेरा वेळा गेले असेन. आधी एक मूल होतं, मग दोन झाली. एकदा माझे आईबाबा होते, दोनदा नणंद आणि तिची जुळी. आमच्या मंडळात कुणी प्रागचं नाव काढलं की त्याला माझ्याकडे पाठवतात, असं हे बिनपगारी खातं आहे. खाली लिहितेय त्यातलं निम्मं चुका करून कळलेलं आहे.

माझं म्हणणं एकच आहे. पोरांना शहराच्या वेळा पाळायला लावू नका, शहर पोरांच्या वेळात बसवा. आणि प्राग त्यात फार छान बसतं. इथलं जे बघण्यासारखं आहे ते पहाटे सर्वांत देखणं असतं, आणि दीड वर्षाचं पोर पहाटे साडेपाचला उठून बसतंच. घरी हे संकट वाटतं. प्रागमध्ये त्याचा फायदा होतो.

गाडी की ट्रेन? म्युनिक-प्राग थेट ट्रेन आहे, रेगेन्सबुर्ग, फुर्थ इम वाल्ड, प्लझेनवरून जाते आणि सहा तासांच्या आसपास घेते. गाडीने अंतर साधारण 380 किलोमीटर, म्हणजे कागदावर चार तास. पण दोन पोरं आणि एक आजी असली की चाराचे सहा होतात, ते गृहीतच धरा. म्हणजे वेळेत काही जिंकत नाही. तरीही मी गाडीच म्हणेन, कारण घडीचा पलंग, कुकर, आजींच्या गुडघ्याचा पट्टा आणि बाबागाडी एवढं घेऊन प्लॅटफॉर्म बदलायची वेळ आली तर सहल तिथेच संपते. मात्र ही गाडी शहराच्या वेशीपर्यंतच कामाची. आत गेल्यावर चार दिवस तिला हात लावायचा नाही. यावर पुढे येते.

रस्ता सोपा आहे. ए 9 मोटरवेने उत्तरेला, होलेडाऊला ए 93 धरायचा, रेगेन्सबुर्ग मागे टाकून ओबरफाल्झर वाल्डच्या जंक्शनला ए 6 वर पूर्वेला वळायचं, वाइडहाउसला सीमा ओलांडली की तोच रस्ता डी 5 होतो आणि प्लझेनमार्गे थेट प्रागच्या पश्चिम टोकाला सोडतो. नकाशा कधी कधी देगेनडॉर्फवरून जंगलातला जवळचा रस्ता सुचवतो. तो घेऊ नका. वळणावळणाचा आहे आणि मागच्या सीटवर दोन लहान पोटं आहेत.

दिवस मात्र विचार करून निवडा. ए 6 हा पूर्व-पश्चिम मालवाहतुकीचा रस्ता, आठवडाभर उजव्या लेनमध्ये ट्रकची माळ लागलेली असते. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना बंदी आहे, सुट्टीच्या सोमवारीही तेच. म्हणून मी नेहमी रविवारी निघते. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी निघालात तर सगळा बायर्न (बव्हेरिया) तुमच्याबरोबर निघालेला असेल.

घरातून आठला निघा. रेगेन्सबुर्गच्या पुढे साडेनऊच्या सुमारास पहिला थांबा घ्या. घसरगुंडी असलेली जागा आधीच हेरून ठेवा, पेट्रोल पंपावर उगाच रेंगाळू नका. बाराच्या आत प्लझेन. तिथे जेवण, तास-दीड तास मोकळं सोडणं, आणि सव्वा वाजता पुन्हा गाडीत. डोळ्यांवर आलेली दुपारची झोप आणि शेवटचे 90 किलोमीटर यांची अशी गाठ बसते की दोन्ही पोरं प्राग येईपर्यंत हूं की चूं करत नाहीत.

प्लझेनला लोक बिअरसाठी थांबतात. 1842 मध्ये इथेच ती सोनेरी पिल्सनर पहिल्यांदा तयार झाली. चालवणाऱ्याने मात्र एक घोटही घ्यायचा नाही. जर्मनीतला "अर्धा ग्लास चालतो" हा हिशोब झेकियात, म्हणजे चेक प्रजासत्ताकात, लागू नाही, तिथे मर्यादा शून्य आहे, शून्य म्हणजे शून्य. पोरांसाठी मुख्य चौक पुरेसा आहे. मधोमध सेंट बार्थोलोम्यूचं चर्च, त्याचा मनोरा 102 मीटर. चौकाच्या कोपऱ्यांत तीन सोनेरी कारंजी आहेत, नव्या घडणीची, शहराच्या राजचिन्हातल्या देवदूत, उंट आणि शिकारी कुत्रा यांच्यावरून बेतलेली. "यातला उंट कुठला?" हा खेळ माझ्या लेकीला पंचवीस मिनिटं पुरला होता. चर्चच्या मागच्या बाजूला लोखंडी जाळी आहे, तिच्यावर छोट्या देवदूतांची डोकी. त्यातलं एक लोकांनी हात लावून लावून चकचकीत केलंय. हात लावला की इच्छा पुरी होते म्हणे. माझ्या आईने लावला आणि मनात काय मागितलं ते आजतागायत सांगितलेलं नाही. टेकमानिया नावाचं विज्ञान केंद्रही प्लझेनलाच आहे, छान आहे, पण ते अर्धा दिवस खातं. हवं तर परतीला ठेवा.

कागदपत्रं आणि नियम भराभर उरकते. झेकियाच्या मोटरवेचं विन्येट, म्हणजे टोलचा परवाना, आता काचेवर चिकटवायचं नसतं, ते गाडीच्या नंबरावर ऑनलाइन निघतं. सरकारी साइटवरच काढा. तशाच दिसणाऱ्या मधल्या दलालांच्या साइट तेच विन्येट जास्त पैशांना विकतात. चार रात्रींसाठी दहा दिवसांचं घ्या. देश जर्मनी निवडलाय ना आणि नंबरात शून्य व 'ओ'ची गल्लत नाही ना, हे पैसे भरायच्या आधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. मोटरवेवर वेग 130, गावाबाहेर 90, गावात 50. दिवे भर दुपारीही लावलेले हवेत. 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंची आणि 36 किलोपेक्षा कमी वजन असलेल्या मुलाला सीट सक्तीची, म्हणजे तुमच्या दोघांनाही. चमकणारी जाकिटं डिकीत नकोत, हाताशी हवीत. आणि पासपोर्ट व रहिवास परवाने सगळ्यांचे, तान्ह्याचेसुद्धा, आजींच्या विम्याच्या कागदासकट एका पिशवीत. ही पिशवी सामानाखाली गेली नाही पाहिजे.

सामानाखाली न जाण्याची दुसरी पिशवी म्हणजे उलटीची. हसू नका. 2019 साली सीमा ओलांडून दहा मिनिटं झाली नसतील, लेकाने "आई, पोटात गोल गोल होतंय" म्हटलं, आणि मी "हो रे, आलंच प्लझेन" म्हणेपर्यंत सीट, पट्टा, त्याचा ससा आणि माझ्या नवऱ्याची कॉलर यांचा निकाल लागला होता. बदलायचे कपडे डिकीत, सर्वांत तळाच्या बॅगेत. रस्त्याकडेच्या पार्किंगवर, वाऱ्यात, आम्ही बॅगा उतरवत होतो आणि पोरगं चड्डीवर उभं राहून ट्रक मोजत होतं. तेव्हापासून पुढच्या सीटखाली एक कापडी पिशवी असते. प्रत्येकाचा एक कपड्याचा जोड, झिपच्या जाड पिशव्या, ओला किचन रोल, जुना टॉवेल आणि डबीत खायचा सोडा. सोडा कापडावर भुरभुरून ठेवायचा आणि पुढच्या थांब्याला झटकायचा, वास बराच जातो. निघण्याआधी दूध देऊ नका. चुरमुरे, कोरडी पोळी, आलेपाकाची वडी. आणि मोठीला गाडीत पुस्तक किंवा टॅब नाही, खिडकीबाहेर बघायचं. सीटच्या पट्ट्यात अडकवलेली दीड वर्षाची पोरं दोन तासांच्या वर बसवू नका, मग ती झोपलेली का असेनात.

आता प्रागमधली गाडी. शहरात रस्त्यावर निळ्या, जांभळ्या आणि नारिंगी पट्ट्यांचे पार्किंग पट्टे आहेत. निळा मुख्यतः रहिवाशांचा, जांभळा मिश्र, नारिंगी पाहुण्यांना थोड्या वेळासाठी. आमच्या पहिल्या सहलीत घरमालकाने "दारातच लावा, काही होत नाही" असं छातीठोक सांगितलं. दारात निळी पट्टी होती. सकाळी उठून बघतो तर पुढच्या चाकाला पिवळा लोखंडी जबडा. झेक लोक त्याला 'बोतिच्का' म्हणतात, म्हणजे छोटा बूट. हे मी मागाहून शिकले, माझी अडीच वर्षांची लेक मात्र बघताक्षणी ओरडली, "गाडीने बूट घातला!" 156 ला फोन केला, ते शहर पोलीस, दोघं आले, दंड घेतला, बूट काढला, लेकीला टाटा केला. सकाळ गेली ती गेलीच, आणि घरमालकाने फोन उचलला नाही.

त्यामुळे दोनच मार्ग. एकतर स्वतःचं तळघरातलं गॅरेज असलेलं घर घ्या आणि उंचीची मर्यादा विचारा, छतावर सामानाची पेटी असेल तर हमखास अडते. नाहीतर पैसे देऊन पहारा असलेल्या गॅरेजमध्ये चार दिवस लावून टाका. मेट्रोच्या टोकांना किंवा टोकांजवळ, म्हणजे झ्लिचीन, नोवे बुतोवित्से, चेर्नी मोस्ट, लेत्न्यानी अशा ठिकाणी पार्क-अँड-राइड आहेत आणि तुम्ही डी 5 वरून आलात की झ्लिचीन आपसूक समोर येतं. पण ते सकाळी लावून रात्री न्यायचे तळ आहेत, चार रात्रींचं काम त्यांचं नाही.

राहायला जुन्या शहरात जाऊ नका. सगळं पायाशी असतं हे खरं, पण रात्री दोनला खाली लग्नाआधीची मित्रमंडळी गात असतात, आणि जून महिन्यात खिडकी उघडी ठेवावीच लागते. माझी पसंती लेत्ना आणि होलेशोवित्से. ट्राम दाराशी, एका बाजूला लेत्नाची टेकडी, तिथून नदीवरचे सगळे पूल ओळीने दिसतात, आणि दुसऱ्या बाजूला स्त्रोमोव्का. हे राजाचं जुनं शिकारीचं रान, तेराव्या शतकापासूनचं. आता तळी, बदकं, मोठी झाडं आणि खेळायची मैदानं. विनोह्राडीही चांगलं, जरा महाग आणि जरा चढाचं. घर घेताना "लिफ्ट आहे का" एवढंच विचारू नका. "रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत पायऱ्या किती" असं विचारा. त्या जुन्या इमारतींत लिफ्ट अर्धा मजला चढून गेल्यावर सुरू होते, आणि आत बाबागाडी घडी केल्याशिवाय मावत नाही. आजींच्या गुडघ्यांना त्या आठ पायऱ्या रोज चार वेळा.

बाबागाडी मोठ्या चाकांची आणा. घडीची हलकी छत्रीगाडी दगडी फरशीवर दोन तासांत मान टाकते. इथल्या गोल दगडांना झेकमध्ये 'कोचिची ह्लावी' म्हणतात, मांजरांची डोकी. हे मुलीला सांगून ठेवा, मग ती "हे मांजर रागावलंय" करत आपण होऊन चालते. कडेवरची झोळी किंवा कॅरियरही हवाच. मेट्रोचे सरकते जिने खोल आणि आपल्याकडच्यापेक्षा वेगवान आहेत. नामेस्ती मीरू स्टेशनचा एक जिना 87 मीटर लांब आहे, वर यायला दोन मिनिटांच्या वर लागतात. त्यावर बाबागाडी नको. आम्ही मेट्रो जवळपास वापरतच नाही, ट्रामने फिरतो. ट्रामला खिडकी असते, आजींना बसायला मिळतं, लोक न सांगता उठतात. बाबागाडीचं चित्र असलेल्या दाराने चढा आणि उतरायच्या आधी तेच चित्र असलेलं बटण दाबा, म्हणजे चालक दार जास्त वेळ उघडं ठेवतो. सहा वर्षांखालची मुलं फुकट.

एक गोष्ट मात्र मुलीला पहिल्याच दिवशी पढवा. झेब्रा क्रॉसिंगवर मोटार थांबते, ट्राम थांबत नाही. तिथे ट्रामलाच अग्रक्रम आहे. जर्मनीत वाढलेली आपली पोरं पांढरे पट्टे दिसले की बिनधास्त पाऊल टाकतात. आमच्या घरात नियम आहे: रूळ दिसले की हात. तुम्ही चालवत असाल तेव्हाही लक्षात असू द्या, जिथे स्टॉपला वेगळा ओटा नसतो तिथे लोक ट्राममधून थेट रस्त्यावर उतरतात आणि तुम्हाला मागे थांबावं लागतं.

पोहोचल्या दिवशी काही बघू नका. सामान लावा, डाळ-तांदूळ शिजत ठेवा, पोरांना स्त्रोमोव्कात सोडा. आठला अंथरुणात.

दुसऱ्या दिवशी पोरगा साडेपाचला उठेल. त्याला दूध द्या, सगळ्यांना स्वेटर चढवा आणि निघा. त्या दिवसांत सूर्य पाचच्या आसपास उगवलेला असतो. ट्रामने मालोस्त्रान्स्काला उतरा आणि नदीच्या कडेने चार्ल्स पुलाकडे चाला. वाटेत काठावर हंस असतात, आणि बऱ्याचदा नारिंगी दातांची न्यूट्रिया नावाची मोठी उंदरासारखी जनावरं. बघा, खाऊ घालू नका. मग पूल. दुपारी याच 516 मीटरवर माणसाला माणूस घासतो आणि बाबागाडी म्हणजे गुन्हा वाटतो. सहा वाजता एखादा छायाचित्रकार, एक धावणारी बाई, लग्नाचे फोटो काढणारं एक जोडपं आणि तुम्ही. पोरगा सोळा कमानींच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू शकतो, कुणाच्या पायात येत नाही. पायाभरणी 1357 ची. राजा चौथ्या कार्लने ज्योतिषांच्या सल्ल्याने 9 जुलैला पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी मुहूर्त साधला असं सांगतात, म्हणजे 1-3-5-7-9-7-5-3-1 असा चढता-उतरता आकडा होतो. मुहूर्त म्हटल्यावर आमची आई एकदम खूश झाली, "म्हणजे आपल्यासारखेच की!" खरंखोटं राजाला ठाऊक, पण मोजायला शिकणाऱ्या पोराला हा आकडा भारी आवडतो.

पुलावर तीस पुतळे आहेत, तीस बघायचे नाहीत. एक बघायचा. नेपोमुकचा संत जॉन, 1683 चा, पुलावरचा सर्वांत जुना, डोक्याभोवती ताऱ्यांचं कडं. खाली ब्राँझची दोन चित्रं. एकात संताला नदीत फेकतायत आणि दुसऱ्यात एक शिपाई कुत्र्याला कुरवाळतोय. चित्रं काळी पडलीत, पण हात लागून लागून कुत्रा मात्र सोन्यासारखा लखलखतो. मुलीला उचला, तिचा तळवा त्या कुत्र्यावर ठेवा. पहाटेचं ब्राँझ थंडगार असतं. माझ्या लेकीने हात पटकन मागे घेतला होता आणि मग म्हणाली, "त्याला स्वेटर नाहीये." आज ती अकरा वर्षांची आहे, प्राग म्हटलं की तिला किल्ला आठवत नाही, तो गार कुत्रा आठवतो.

साताच्या पुढे जुन्या शहराच्या बाजूला बेकरी उघडते, तिथे नाश्ता. नऊला ओर्लोय, म्हणजे 1410 चं ते खगोलीय घड्याळ. बारा प्रेषितांची फेरी सकाळी नऊपासून दर तासाला होते. आधीच अपेक्षा उतरवून ठेवा. खेळ मिनिटभरही चालत नाही, आणि माझ्या बाबांनी खणखणीत आवाजात विचारलं होतं, "एवढंच?" पोरांना वरच्या खिडक्यांतले प्रेषित दिसतच नाहीत. त्यांना सांगाडा दाखवा, उजव्या हाताला. तो दोरी ओढून घंटा वाजवतो आणि वाळूचं घड्याळ उलटं करतो. मग शेवटी कोंबडा ओरडेल म्हणून कान टवकारायला सांगा. कोंबडा जमला की खेळ जमला. सगळे वर बघत असतात तेव्हा खिसेकापू खाली बघत असतात, पिशवी पुढे घ्या. त्याच इमारतीच्या मनोऱ्यावर लिफ्ट जाते, बाबागाडी आणि आजी दोघींना चालते. त्या उंचीवरून लाल कौलं बघून झाली की परत घरी. साडेअकरा वाजलेले असतात. इतर लोक आत्ता कुठे हॉटेलमधून बाहेर पडतायत आणि तुमचं अर्धं प्राग झालेलं आहे.

मग वरण-भात, दुपारची झोप. मोठ्यांनीही झोपा. कुणीतरी एकटं निघून कॉफी पिऊन या, पाळीपाळीने. चारनंतर फक्त खेळणं. स्लोव्हान्स्की बेटावर पायाने मारायच्या बोटी मिळतात, कांपा बेटावर मैदान आहे आणि शिल्पकार दाविद चेर्नीची ती बिनचेहऱ्याची, रांगणारी महाकाय ब्राँझची बाळं. अशीच बाळं झिझ्कोव्हच्या 216 मीटरच्या टीव्ही टॉवरवर चढतायत. दीड वर्षाच्या पोराला आपल्याच जातीचं एवढं मोठं कुणी पहिल्यांदा दिसतं.

किल्ल्यासाठी तिसरा दिवस. चढून जाऊ नका. 22 नंबरची ट्राम घ्या, पण 'प्राझ्स्की ह्राड' स्टॉपला न उतरता आधीच्या 'क्रालोव्स्की लेतोह्रादेक'ला उतरा. तिथे राजबागेत गाणारं कारंजं आहे, सोळाव्या शतकातलं, ब्राँझचं. उभ्याने काही ऐकू येत नाही. ताटाखाली वाकून कान लावला की थेंब आणि ब्राँझ यांचा बारीक घंटेसारखा नाद येतो. लहान मूल ताठ उभ्यानेच तिथे मावतं, आपल्याला गुडघ्यावर यावं लागतं, म्हणून हा पोरांचा विजय असतो. मग बागेतून सावकाश किल्ल्यात. तिथल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलचं बांधकाम 1344 ला सुरू होऊन 1929 ला संपलं. आमचा मेट्रोचा पूल किती रखडला म्हणून कुरकुरणाऱ्या पुणेकर सासूबाईंना हे अवश्य सांगा. आतला पुढचा भाग तिकिटाशिवाय बघता येतो आणि लहान पोरांबरोबर तेवढा पुरतो. पूर्ण तिकीट घेतलंच तर ते दोन दिवस चालतं, एकाच दिवशी सगळं कोंबू नका. पहारेकऱ्यांची मोठी बँडवाली बदली बाराला असते, गर्दीत आणि नेमकी झोपेच्या वेळी. दर तासाला साधी बदली होते, ती बघा. उतरताना वाल्डस्टाइन बागेत शिरा, फुकट आहे, मोकळे मोर फिरतात, तळ्यात हाताएवढे मासे. मी या बागेला किल्ल्याइतकेच गुण देईन.

चौथा दिवस त्रोयाच्या प्राणिसंग्रहालयाला. 1931 पासूनचं, नदीकाठच्या डोंगरउतारावर, त्यामुळे दमवतं. आधी वर जा, मग उतरत या. नादराझी होलेशोवित्सेहून 112 नंबरची बस दारात सोडते. पाऊस लागला तर हा दिवस लेत्नावरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संग्रहालयात घालवा. एका भव्य दालनात वाफेची इंजिनं, मोटारी आणि छताला टांगलेली विमानं आहेत. आम्हाला दोनदा अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागलं, एकदा लेकाला आणि एकदा नवऱ्याला.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी आजींसाठी 'स्माझेनी सीर' म्हणजे चीजचा तळलेला जाडजूड कटलेट, 'ब्राम्बोराक' म्हणजे लसणाचं बटाट्याचं धिरडं, आणि 'ओवोत्स्ने क्नेदलीकी'. हे शेवटचं विसरू नका. प्लम किंवा स्ट्रॉबेरी भरलेले उकडलेले गोळे, वर चक्का आणि लोणी. मोदकाच्या जवळ जाणारं युरोपात मला एवढंच सापडलंय. सूपला "मांस आहे का" विचारलं तर नाही म्हणतील आणि हॅमचे तुकडे तरंगतील; हॅम वेगळं विचारा, 'शुंका'. चौकाचौकात भाजतात तो त्रदेल्निक पर्यटकांचा पदार्थ, पण पोरं मागणार, एक घ्या आणि वाटा. बऱ्याच रेस्टॉरंटांत 'देत्स्की कौतेक' नावाचा खेळण्यांचा कोपरा असतो, जागा त्याच्या शेजारी मागा. दुकानं रविवारी उघडी असतात. फिंग्स्टनचा सोमवार तिथे सुट्टीच नाही. मात्र 8 मे सारख्या काही सणांना मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. डायपर डीएम आणि रॉसमनमध्ये इथल्यासारखेच मिळतात, गठ्ठे वाहू नका.

चलन कोरुना आहे. एटीएम "युरोत रूपांतर करू का" विचारेल, नको म्हणा. दहा-वीस कोरुनांची नाणी खिशात ठेवा, सार्वजनिक संडासाला लागतात आणि साडेचार वर्षांच्या मुलीला ते अचानक लागतात.

ताप, पडझड झालीच तर मोतोलचं विद्यापीठ रुग्णालय, तिथे मुलांचा मोठा विभाग आहे. मेट्रोच्या ए मार्गाचं शेवटचं स्टेशन त्याच्याच नावाचं. तुमच्या जर्मन सरकारी विम्याच्या कार्डाची मागची बाजू म्हणजे युरोपियन आरोग्य कार्ड, ते झेकियात चालतं. आजींचा प्रवासी विमा वेगळा, त्याचा फोन नंबर दोघांच्याही मोबाईलमध्ये.

परतीला शुक्रवारची दुपार सोडून काहीही. वाइडहाउसला जर्मन पोलीस गाड्या बाजूला घेऊन तपासतात, आम्हाला जवळजवळ दर खेपेला घेतात. कागदांची पिशवी पुढे ठेवा, मागची काच खाली करा, आणि पोरांच्या टोप्या-गॉगल काढून ठेवा, पासपोर्टवरच्या फोटोत दीड वर्षाचा पोरगा तीन महिन्यांचा आहे, आधीच ओळखू येत नाही.